रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा

गेल्या अंकात मी जंगली महाराज रस्त्याबद्दल लिहिलं होतं. मुद्दा थोडक्यात असा, की 2016 नंतर टप्प्याटप्प्याने तिथले पदपथ रुंद झाले, सायकलींना वेगळी वाट मिळाली, झाडांखाली बाकं आली. पण रस्ता सुधारला तो बाकांमुळे किंवा दिव्यांमुळे नाही, गाड्यांच्या वाटेची रुंदी एकसारखी ठेवल्यामुळे. त्यावर पत्रं आली. काही प्रेमाची, बरीचशी तावातावाची. पुण्याहून येणाऱ्या पत्राच्या शेवटी ‘हिंमत असेल तर छापा’ असं असतंच. हिंमत आहे, जागा नाही. म्हणून प्रश्न कापून घेतलेत, आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की माझी सगळी नोकरी पथ विभागात गेली. एका हातात टेप, दुसऱ्या हातात मेजरमेंट बुक. उत्तरंही त्याच चष्म्यातून येणार.

मॅडम, आमचं दुकान जंगली महाराज रस्त्यावर वडिलांच्या काळापासून आहे. पूर्वी गिऱ्हाईक दारात गाडी लावून आत यायचं. आता दारात फुटपाथ, त्यावर बाकं आणि बाकांवर कॉलेजची पोरं. ती आमच्याकडून काही घेत नाहीत. गिऱ्हाईक मात्र गाडीला जागा नाही म्हणून पुढे निघून जातं. तुम्हाला रस्ता दिसतो, आम्हाला गल्ला दिसतो.
– एक दुकानदार, शिवाजीनगर

गल्ल्याचं दुःख खोटं नाही, आणि त्याला सौंदर्यावर प्रवचन देऊन उत्तर द्यायचा माझा विचार नाही. हिशेबानेच बोलू.

एक मोटार रस्त्याच्या कडेला उभी करायची तर पुढची-मागची जागा धरून पाच-सहा मीटर लांबी जाते. तुमच्या दुकानाचं तोंड केवढं? जुन्या दुकानांचं तीन ते सहा मीटर असतं. म्हणजे तुमच्या दारात फार तर एक मोटार. ती सकाळी दहाला लागते, रात्री नऊला हलते आणि ती कुणाची असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नोकरीत असताना ज्या ज्या पेठेत आम्ही उभ्या गाड्यांचे नंबर तासातासाला उतरवून घेतले, तिथे दुकानासमोर हटकून मालकाची, शेजारच्या मालकाची आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या सरांची गाडी निघायची. गिऱ्हाइकाला दारात जागा मिळावी असं मनापासून वाटत असेल तर मागणी फुकट पार्किंगची करू नका, तासाच्या पैशांची करा. अर्ध्या तासात उठणारी गाडी दिवसाला वीस गिऱ्हाइकं आणते. पुण्यात 2018 मध्ये पैसे घेऊन पार्किंग देण्याचं धोरण मंजूर झालं, तेव्हा विरोधाचा मोठा आवाज व्यापाऱ्यांचाच होता. मला अजून त्याचं नवल वाटतं.

आता रस्त्याच्या रुंदीचं. जुना रस्ता कधीच पट्टीने आखलेला नसतो. कुठे तो देवळासाठी अंग चोरतो, कुठे वाडा पाडून इमारत मागे सरकल्यामुळे पोट सोडतो. इथे बारा मीटर, पुढे सोळा, मग पुन्हा दहा. तासाला किती गाड्या सुटणार हे त्या दहा मीटरवर ठरतं. नरसाळ्याचं वरचं तोंड कितीही मोठं केलं तरी खालची नळी तेवढीच. सोळा मीटरच्या फुगवट्यात गाड्या चार रांगा करतात आणि पुढे तोंडाशी येऊन एकमेकींच्या अंगावर जातात. तिथे इंधन जळतं, हॉर्न वाजतात आणि पायी चालणाऱ्याला ओलांडायला सोळा मीटर पडतात. फुगवट्यातले ते जास्तीचे मीटर गाड्यांकडून काढून घेतले तर गाड्यांचं काहीच जात नाही. पदपथ, सायकलची वाट, बसथांबा, रिक्षा उभी राहायची खाच हे सगळं त्या मीटरांत बसतं. तुमच्या दारासमोर वाढलेला फुटपाथ बहुधा अशा फुगवट्यातून आलेला आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बोलते. माल उतरवायची वेळ आणि जागा ठरवून न देता रस्ता नवा केला असेल, तर ती आखणीतली चूक आहे. टेम्पोला जागा नसली की तो सायकलच्या वाटेवर चढतो आणि दोष दुकानदाराला लागतो. सकाळी दहाच्या आत माल उतरवायची खाच कुठे, हे लेखी मागा.

आणखी एक मागा. तुमचा रस्ता सबंध महाराष्ट्रात ओळखला जातो तो हमीसाठी. 1973 च्या पावसाने शहरातले रस्ते उखडले, तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीकडून 1976 मध्ये हा रस्ता दहा वर्षांच्या लेखी हमीवर करून घेतला. हमी संपली तरी खड्डा पडेना, त्याची दंतकथा झाली. डांबराला जी हमी मागितली ती फरशीला का मागू नये? ठेक्याच्या कागदात ‘दोषदायित्व कालावधी’ असा रकाना असतो. त्या मुदतीत हललेली फरशी, बुडालेलं झाकण, तुटलेला बाक ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करायचा असतो. तो कालावधी कधी संपतो हे रस्त्यावरच्या एकाही दुकानदाराला माहीत नसतं. माहितीच्या अधिकारात विचारा आणि दुकानात कॅलेंडरशेजारी लावा.

ताई, माझं वय अडुसष्ट. एरंडवण्यातून संभाजी उद्यानापर्यंत रोज सायकलने येते, हौस म्हणून नव्हे, गुडघ्यांना चालणं झेपत नाही म्हणून. सायकलची वाट केली आहे खरी, पण तीवर माणसं चालतात, स्कूटर चढतात आणि दर गेटापाशी मी खाली उतरते, पुन्हा वर चढते. शेवटी मी रस्त्यावरूनच जाते. मग ही वाट कुणासाठी?
– सायकलवाली आजी, पुणे

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या खात्यातल्या तरुण इंजिनिअरांना आठवडाभर तुमच्या मागे सायकलवर पाठवायला हवं.

गेटांपासून सुरू करते. सायकलची वाट आणि पदपथ रस्त्यापेक्षा साधारण वीतभर वर असतात. सोसायटीचं किंवा हॉटेलचं गेट आलं की मोटारीला आत जायला सोय हवी, म्हणून तिथे सगळी वाटच खाली उतरवतात आणि गेटापलीकडे परत चढवतात. शंभर मीटरमध्ये पाच गेटं असली तर दहा उतार-चढ. वास्तविक वाट सपाट जायला हवी आणि मोटारीने चढून उतरायला हवं. मोटारीला इंजिन असतं, तुम्हाला गुडघे. शिवाय मोटार चढावर आपोआप हळू होते, म्हणजे तुम्हाला वाचवणारा गतिरोधक फुकटात मिळतो. कागदावर हे सगळ्यांना मान्य असतं. जागेवर ठेकेदाराला गेटमालक भेटतो आणि ‘साहेब, गाडी खाली घासते हो’ म्हणतो. की फरशी उतरते.

दुसरं चेंबर. सायकलची वाट बहुतेक वेळा कडेने जाते, आणि कडेलाच पावसाळी गटार, वीज, पाणी, फोन या सगळ्यांची झाकणं असतात. झाकण फरशीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली बसलं तरी पुढचं चाक आपटतं, वर बसलं तर पावसात घसरतं. गटाराची जाळी तर आणखी वाईट. तिचे गज चाकाच्या दिशेने, म्हणजे रस्त्याला समांतर बसवले असले तर सायकलचा बारीक टायर सरळ आत जातो. गज आडवे हवेत, नाहीतर चौकोनी जाळी हवी. जाळी तीच, किंमत तीच, फक्त गवंड्याने ती कशी फिरवून बसवली एवढाच प्रश्न. मी बिलावर सही करण्याआधी जाळीवर स्वतःची चप्पल आडवी धरून बघायची. मुकादम हसायचे. हसू देत.

फरशीबद्दलही सांगते. सायकलला पेव्हर ब्लॉक मानवत नाहीत. प्रत्येक सांध्यावर हँडल थरथरतं आणि तुमच्या वयाला ते मनगटात जाणवतं. सायकलची वाट गुळगुळीत डांबराची किंवा काँक्रीटची, रंग वेगळा, आणि पदपथापेक्षा निदान दोन-तीन बोटं खाली असावी. पातळी एकच ठेवली आणि मध्ये नुसता रंगाचा पट्टा मारला, तर माणसं त्यावरून चालणारच. त्यांच्या पायाला काही कळत नाही ना.

आता स्कूटर. सगळे म्हणतात, खांब ठोका. ठोकलेही जातात. पण गणित ऐका. चाकाच्या खुर्चीला जायला खांबांमध्ये किमान नव्वद सेंटिमीटर मोकळे लागतात. स्कूटरचं हँडल सत्तरच्या आसपास. म्हणजे ज्या फटीतून खुर्ची जाते तीतून स्कूटर जातेच, आणि स्कूटर अडवायची तर खुर्चीही अडते. खांबाने मोटार थांबते, रिक्षा थांबते, स्कूटर नाही. ती थांबते चौकात सिग्नल नीट चालला आणि हवालदार उभा राहिला तर, कारण ती चढते सिग्नलची रांग टाळायला.

राहिला एकेरी वाहतुकीचा वळसा, ज्याची तुम्ही पत्राच्या शेवटी तक्रार केली आहे. जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे, फर्ग्युसन रस्ता उलट दिशेने, ही जोडी मोटारींसाठी केलेली. मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा, तुम्हाला चढासकट दहा मिनिटांचा. म्हणून लोक उलट्या दिशेने सायकल घालतात आणि मग बेशिस्त ठरतात. एकेरी रस्त्यावर सायकलची वाट दुहेरी करायची, रुंदी तीन मीटर ठेवायची आणि चौकात उलट येणाऱ्या सायकलला स्वतःचा सिग्नल द्यायचा, हा त्यावरचा साधा उपाय. तीन मीटर कुठून आणायचे ते वरच्या दुकानदारांच्या उत्तरात आहे.

आमच्या नगरपरिषदेला जुन्या पेठेचा रस्ता सुशोभित करण्यासाठी निधी मिळतो आहे. सल्लागाराने फार सुंदर चित्रं दाखवली: नक्षीचे दिवे, दगडी फरशी, सायकल ट्रॅक, सेल्फी पॉइंट. सभेत मी एकटीच ‘थांबा’ म्हणाले. पण थांबून काय विचारायचं ते मला कळेना. मदत करा.
– एक नगरसेविका, सातारा जिल्हा

थांबा म्हणालात हेच मोठं काम झालं, ताई. पुढच्या सभेला जाताना चित्रं बाजूला ठेवा आणि सल्लागाराकडे एकच कागद मागा, रस्त्याचे आडवे छेद. दर पंचवीस-तीस मीटरवर रस्ता आडवा कापला तर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत काय काय आहे: पायरी, गटार, झाड, विजेचा खांब, टपरी, गाड्यांची वाट, पुन्हा टपरी. छेद नसले तर त्याने रस्ता मोजलेलाच नाही, फोटोवर रंग भरलाय. पुष्कळदा तसंच असतं. चित्रात एक गोरी बाई फुगे घेऊन चाललेली असेल तर खात्रीच समजा.

छेद आले की उंबऱ्यांकडे बघा. आपल्या पेठांमध्ये वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढलं. जुन्या वाड्याच्या जोत्याला चार पायऱ्या होत्या, त्यातल्या दोन रस्त्याने गिळल्या, कुठे उंबराच रस्त्याखाली गेला. आता त्यावर आणखी दगडी फरशी टाकली तर पहिल्या पावसात पाणी माजघरात. निविदेत ‘जुना थर खरवडून काढणे’ ही बाब आहे का ते विचारा. नसेल तर आधी ती घालायला लावा. दिव्यांची नक्षी नंतर ठरवता येते.

मग खालचं. पाण्याची लाइन किती जुनी, ड्रेनेज कुठून, विजेच्या तारा जमिनीखाली घ्यायच्या आहेत का, आणि पुढे येणाऱ्या केबलसाठी रिकामे पाइप टाकलेत का. नव्या फरशीवर सहा महिन्यांत खोदाई झालेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की त्याचा आता रागही येत नाही. सगळ्या खात्यांना एकत्र बसवून ‘आमचं काम झालं’ असं लेखी घेतल्याशिवाय वरची फरशी सुरू करू देऊ नका.

तुम्ही पत्रात आठवडे बाजाराचा उल्लेख केला आहे. सल्लागाराच्या चित्रात भाजीवाल्या आहेत? नाहीत. त्या उद्घाटनापर्यंत गायब असतात आणि दुसऱ्या दिवशी सायकल ट्रॅकवर बसतात, कारण बसायला तीच सपाट जागा उरते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही. पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. तुमच्याकडे ती समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे सभेत विचारा. शांतता पसरेल. बाजारवालींच्या जागा आधी आखा, पाण्याचा नळ आणि सावली त्यांना द्या, मग उरलेल्या जागेत बाकं बसवा.

पेठेतून पालखी, रथ, गणपतीची मिरवणूक जात असणार. चौकाच्या मधोमध कारंजं किंवा अक्षरांचा सेल्फी पॉइंट बसवला तर रथ वळणार कुठे? हा प्रश्न तुम्ही विचारलात तर एकही विरोधक तोंड उघडणार नाही. खांब लागणार असतील तर काढता येतील असे घ्या, आणि त्यांची किल्ली कुणाकडे ते लिहून ठेवा.

देऊळ किंवा वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर तिच्याभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराची आठव्या शतकातली लेणी आहेत, तिथे हेच लागू. निविदा निघाल्यावर हे आठवलं तर काम वर्षभर लटकतं. म्हणून आधी पुरातत्त्व खात्याशी पत्रव्यवहार.

आणि झाडं. बुंध्याला टेकवून फरशी बसवू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबाबत 2013 मध्ये बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. तेच माप धरा. फरशी आवळली की वड-पिंपळही दहा-पंधरा वर्षांत खंगतो. मग ‘धोकादायक झाड’ म्हणून त्याची फाइल तयार होते.

सायकल ट्रॅकचं काय, असं विचाराल. तुमचा पेठरस्ता पत्रातल्या मापाने सात मीटर आहे. सात मीटरमध्ये वेगळा ट्रॅक बसत नाही आणि बसवूही नये. तिथे सगळी वाहनं ताशी वीसच्या आत आणली की सायकल आपोआप सुरक्षित होते. वळण अरुंद ठेवा, चौक रस्त्यापेक्षा थोडा उंच करा, एक बाजू पार्किंगमुक्त करा. ‘सायकल ट्रॅक’ या नावाखाली आलेला पैसा शाळेपासून पेठेपर्यंतच्या रुंद रस्त्यावर वापरता येईल का ते बघा. मुलं सायकलवर तिथूनच येतात.

लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, किती छान वाटतं! मग रोजच का बंद करत नाहीत गाड्या?
– आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, पुणे

पादचारी दिन 2021 पासून होतोय, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक. त्या दिवशी माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात, पोरं सापशिडी खेळतात आणि दुकानदार थोडे गोंधळलेले असतात. एक दिवस सगळं निभतं, कारण त्या दिवशी माल येत नाही, बस दुसरीकडून जाते आणि पोलीस भरपूर असतात. रोज करायचं तर या तिन्हींची रोजची सोय लागते.

दिल्लीचा चांदनी चौक बघून ये. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने 1650 च्या सुमारास वसवलेला तो बाजार, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा. त्याचं नवं रूप सप्टेंबर 2021 मध्ये खुलं झालं. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी, सायकलरिक्षा चालू, माल रात्री. तारांचं जाळं जमिनीखाली गेलं. फोटो काढत बसू नकोस. रात्री नऊनंतर तिथे थांब आणि गाठोडी कशी उतरतात ते बघ. रस्ता दिवसा मोकळा राहतो तो त्या रात्रीच्या व्यवस्थेमुळे.

माझं मत विचारशील तर लक्ष्मी रस्त्यावर खाजगी गाड्या बंद, बस आणि सायकल चालू. बसही बंद केली तर तो रस्ता फक्त जवळ राहणाऱ्यांचा होईल, आणि लग्नाचा बस्ता काही फक्त पेठेतली माणसं बांधत नाहीत.

सायकल चालवतंय कोण हो आता? ट्रॅक रिकामे असतात. करदात्यांचा पैसा वाया!
– एक वाचक, कोथरूड

तुम्ही सायकली मोजता त्या सकाळी साडेनवाला, मोटारीच्या काचेतून. पहाटे पाच ते सातमध्ये या. पेपरवाले, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, बांधकामावर निघालेले गवंडी. ते ट्रॅकवर दिसत नाहीत हे खरं, कारण ट्रॅक त्यांच्या वाटेवर नाही. तो बागेपासून हॉटेलपर्यंत आहे, वस्तीपासून कामापर्यंत नाही.

दुसरं म्हणजे तुकडे. पुण्यात डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गाबरोबर, सायकलच्या वाटा झाल्या, 2017 मध्ये सगळ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत गेल्या. सलग वाट मात्र झाली नाही. चारशे मीटर ट्रॅक, मग उड्डाणपुलाचा खांब, मग काहीच नाही, मग पुन्हा तीनशे मीटर. मोटारींना कुणी असा रस्ता दिला असता तर तोही रिकामा दिसला असता. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने 2006-07 मध्ये सुमारे 80 किलोमीटरच्या वाटा एका दमात, एकमेकींना जोडून केल्या. त्यासाठी रस्त्याकडेचं पार्किंग काढलं. तिथे आधी जेमतेम सायकली होत्या, पुढच्या काही वर्षांत त्या कित्येक पटींनी वाढल्या. तेही आपल्यासारखंच उन्हाचं शहर. त्यामुळे ‘आपल्याकडे ऊन फार’ हे दुसऱ्या पत्रात लिहू नका.

बाई, मी रायबंदरला राहतो. पणजी आणि रायबंदरमधला जुना बांधरस्ता पोर्तुगीज काळातला, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. सकाळी आम्ही बरेच जण सायकलवर जातो. तिथे सायकल ट्रॅक आणि शोभेचे दिवे व्हावेत असं काही जणांचं म्हणणं आहे, काही जण म्हणतात हात लावू नका. तुमचं काय मत?
– एक शिक्षक, रायबंदर, गोवा

तुमच्या रस्त्याचं मला फार कौतुक आहे. व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, 1633-34 मध्ये बांधलेला तीनएक किलोमीटरचा हा बांध. खाजणाच्या चिखलावर जांभ्याचे चिरे रचून, पाण्याला ये-जा करायला कमानी ठेवून केलेला. भरती-ओहोटीचं पाणी आजही त्या कमानींखालून खेळतं म्हणून मिठागरं आणि कांदळवन टिकलं. तेव्हा पहिली अट अशी, की रुंदीकरणाचा विषयही काढू नका. रस्ता रुंद करायचा म्हणजे भराव टाकायचा, भराव टाकला की कमानी बुजतात, शिवाय तो सगळा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांत येतो.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हात रोजच लागतोय, टायरचा. जुन्या बांधकामाला सगळ्यात जास्त त्रास जड वाहनांच्या हादऱ्याचा आणि साचलेल्या पाण्याचा. रुंदी आहे तेवढीच ठेवून वेग ताशी तीसवर आणा आणि पाण्याच्या मोऱ्या दर पावसाळ्याआधी उघडून साफ करा. मग सायकलला वेगळा ट्रॅक लागत नाही, पांढरा पट्टाही पुरतो. त्यावर खांब, रेलिंग, कुंड्या नकोत. वाऱ्याच्या रस्त्यावर कुंडी पहिल्या वादळात रस्त्याच्या मधोमध येते.

दिवे लावायचेच तर गुडघ्याएवढ्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि तेही नदीच्या बाजूला. मिठागरांवर रात्री पक्षी उतरतात, समोर चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे पांढऱ्या प्रखर दिव्यांची माळ लावणं शहाणपणाचं नाही. पेव्हर ब्लॉक तर अजिबात नको. जांभ्याच्या बांधावर सिमेंटचे ब्लॉक बसवले की सांध्यातून पाणी मुरतं आणि आतली माती धुपते.

खरं काम बांधावर नाही, दोन्ही टोकांना आहे. पणजीच्या टोकाला पाट्टोजवळच्या चौकांत सायकलवाला कसा सुटतो आणि रायबंदरच्या टोकाला फेरीच्या धक्क्यापर्यंत कसा पोचतो, हे सोडवलं तर मधले तीन किलोमीटर आजही सुखाचे आहेत. तुमच्या मंडळींना अर्ज करायचा असेल तर दोन वेगवेगळे करा. एक वाहतूक पोलिसांकडे, वेगमर्यादा आणि जड वाहनांबद्दल. दुसरा पुरातत्त्व खात्याकडे, कुठलीही निविदा निघण्याआधी त्यांचं लेखी मत घ्यावं म्हणून. दोन्हींवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, आणि सोबत बांधाचे आडवे छेद जोडा. टेप तीस मीटरची घ्या, रविवारी पहाटे गाड्या कमी असताना मोजा, आणि कमानी जिथे आहेत त्या जागा छेदावर दाखवा. तुमच्या शाळेतली नववी-दहावीची मुलं हे काम एका सकाळीत करतील.